नांगर कुणाचा, गळफास कुणाला?

समुद्राच्या तळाशी एखादी केबल तुटली की दोन गोष्टी घडतात. पहिली, कुठेतरी हजारो-लाखो लोकांचे फोन, बँका आणि कार्यालये अडखळतात. दुसरी, दोन-चार दिवसांत एखाद्या जहाजाचे नाव वर्तमानपत्रांत झळकते आणि त्या जहाजावरचे खलाशी घातपाती ठरतात. खटला नंतर चालतो, निकाल आधीच लागलेला असतो. गेल्या काही वर्षांत बाल्टिक समुद्रापासून तैवानपर्यंत हेच चालू आहे. या सगळ्या गदारोळात एक प्रश्न मात्र कुणी धसास लावत नाही. ज्या जहाजाच्या नांगराने केबल तोडली, त्या जहाजाचा मालक कोण? आणि तो आहे कुठे?

फिनलंडच्या समुद्रात काय तुटले याच्याशी आपला काय संबंध, असे कुणी म्हणेल. संबंध आहे. हेलसिंकीच्या न्यायालयात आरोपीच्या पिंजऱ्यात जे तिघे उभे होते, त्यांतला एक भारतीय होता. म्हणून हे प्रकरण मुळापासून समजून घेतले पाहिजे.

परदेशातले फोन आणि इंटरनेट उपग्रहावरून चालते, असा अनेकांचा समज आहे. तो खरा नाही. खंडाखंडांमध्ये होणाऱ्या माहितीच्या वाहतुकीपैकी ९५ टक्क्यांहून अधिक वाहतूक समुद्राच्या तळावरून होते. जगभर पसरलेले हे जाळे १४ लाख किलोमीटरहून मोठे आहे. खोल समुद्रातली केबल बागेला पाणी घालायच्या नळीएवढी जाड असते. आत केसासारखे काचेचे तंतू आणि भोवती धातूचे व प्लास्टिकचे थर. किनाऱ्याजवळ तिला पोलादी तारांचे चिलखत चढवतात आणि शक्य तेथे तळाच्या वाळूत गाडतात. पण काही टन वजनाचा नांगर तळावरून ओढत नेणाऱ्या जहाजापुढे हे चिलखत टिकत नाही.

केबल कंपन्यांच्या आंतरराष्ट्रीय संरक्षण समितीच्या हिशेबाने जगात दरवर्षी १५० ते २०० वेळा केबल बिघडते. म्हणजे आठवड्याला तीन-चार वेळा. त्यांतले ७० ते ८० टक्के बिघाड मासेमारीची अवजारे आणि जहाजांचे नांगर यांमुळे होतात. तेव्हा नांगराने केबल तुटणे ही नवलाची गोष्ट नाही. पण रशियाने फेब्रुवारी २०२२ मध्ये युक्रेनवर हल्ला केला आणि तेव्हापासून युरोपच्या समुद्रात तुटणाऱ्या प्रत्येक केबलकडे युद्धाच्या नजरेने पाहिले जाऊ लागले. ही नजर अगदीच निराधार आहे असे नाही. पण संशय म्हणजे पुरावा नव्हे, हे साधे तत्त्व याच काळात पायदळी तुडवले गेले.

आता ‘ईगल एस’ या जहाजाची गोष्ट पाहा. २५ डिसेंबर २०२४ रोजी, ऐन नाताळच्या दिवशी, फिनलंड आणि एस्टोनिया यांना जोडणारी ‘एस्टलिंक २’ ही समुद्राखालची वीजवाहिनी बंद पडली. पाठोपाठ चार दूरसंचार केबलही तुटल्या. फिनलंडच्या यंत्रणेने हेलिकॉप्टरमधून या तेलवाहू जहाजावर माणसे उतरवून ते ताब्यात घेतले. जहाज रशियाच्या उस्त-लुगा बंदरात पेट्रोल भरून इजिप्तकडे निघाले होते. त्याचा एक नांगर जागेवर नव्हता. तो पुढे जानेवारीत समुद्रतळावरून वर काढण्यात आला. सुमारे ९० किलोमीटरपर्यंत तो तळावरून फरफटत गेला, असे सरकारी पक्षाचे म्हणणे होते.

या जहाजाची कुंडली मांडून पाहिली पाहिजे. बांधणी २००६ सालची. झेंडा कुक आयलंड्सचा. प्रशांत महासागरातल्या या बेटांची वस्ती जेमतेम १५ हजार. मालक म्हणून नोंदलेली कंपनी संयुक्त अरब अमिरातीतली. माल रशियाचा. आणि राबणारे खलाशी जॉर्जियाचे आणि भारताचे. युरोपीय आणि अमेरिकी निर्बंध चुकवून रशियाचे तेल वाहणाऱ्या जुन्या जहाजांच्या ताफ्याला ‘शॅडो फ्लीट’ म्हणतात, म्हणजे छुपा ताफा. हे जहाज त्यातलेच, असे युरोपीय संघाने सांगितले. पकडल्यानंतर फिनलंडच्या अधिकाऱ्यांनी त्याची तपासणी केली, तेव्हा ३२ त्रुटी निघाल्या. या त्रुटी काय खलाशांनी विकत आणल्या होत्या? जहाजाची दुरुस्ती करायची की नाही, किती पैसे घालायचे, हे खलाशी ठरवत नाही. ते मालक ठरवतो.

ऑगस्ट २०२५ मध्ये खटला उभा राहिला. आरोपी कोण? कप्तान आणि दोन अधिकारी. सरकारी पक्षाने त्यांना किमान अडीच वर्षांची कैद मागितली. केबलच्या मालकांनी दुरुस्तीचा खर्च किमान ६ कोटी युरो सांगितला. नांगर बांधून ठेवणारी यंत्रणा सदोष होती आणि तो सुटल्याचे आम्हाला कळले नाही, असा आरोपींचा बचाव होता. जहाजाचा वेग घसरल्यावर त्यांनी नांगराची खात्री करून घ्यायला हवी होती, असा सरकारी पक्षाचा युक्तिवाद. दोन्ही बाजू ऐकून ३ ऑक्टोबर २०२५ रोजी हेलसिंकीच्या जिल्हा न्यायालयाने खटला काढून टाकला. केबल मुद्दाम तोडल्याचे सिद्ध झाले नाही. आणि निष्काळजीपणाचा आरोप असेल, तर तो चालवण्याचा अधिकार जहाजावर ज्या देशाचा झेंडा आहे त्या देशाला किंवा आरोपींच्या मायदेशांना आहे, फिनलंडला नाही, असे न्यायालयाने म्हटले. आरोपींचा सुमारे १ लाख ९५ हजार युरोंचा खर्चही सरकारच्या माथी मारला. पुढे अपिलात काय व्हायचे ते होवो. पण पहिल्या दिवसापासून ज्यांना घातपाती म्हणून रंगवले, त्यांच्याविरुद्ध खालच्या न्यायालयात हेतूचा पुरावा उभा राहिला नाही, ही नोंद पुसता येणार नाही.

हा निकाल १९८२ च्या संयुक्त राष्ट्रांच्या सागरी कायद्याच्या ९७ व्या कलमावर उभा आहे. किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांच्या पलीकडे जहाजाचा अपघात झाला, तर कप्तानावर किंवा खलाशावर फौजदारी खटला फक्त झेंड्याचा देश किंवा त्या माणसाचा देश चालवू शकतो. हे कलम कुणा चोराच्या सोयीसाठी आलेले नाही. १९२६ साली एका फ्रेंच जहाजाची तुर्की जहाजाशी टक्कर झाली. तुर्कस्तानने फ्रेंच अधिकाऱ्याला पकडून शिक्षा केली आणि १९२७ साली आंतरराष्ट्रीय न्यायालयाने ते ग्राह्य धरले. त्यानंतर जगभर ओरड झाली की, असे असेल तर खलाशाला कुठल्याही बंदरात कुणीही पकडेल. म्हणून पुढे १९५८ च्या करारात ही तरतूद आली आणि तेथून ती १९८२ च्या कायद्यात गेली. म्हणजे ही खलाशाची ढाल आहे. ती काढून घ्या असे आम्ही कदापि म्हणणार नाही. आमचा आक्षेप वेगळा आहे. ढाल खलाशासाठी बनवली आणि तिच्या आड मालक लपून बसला, हे दुखणे आहे.

झेंड्याचा देश खटला चालवेल, असे कायदा म्हणतो. पण झेंड्याचा देश कोणता? जगातली सर्वांत मोठी जहाजनोंदणी पनामा, लायबेरिया आणि मार्शल आयलंड्स यांच्याकडे आहे. तिथे जहाजे कधी पाय लावत नाहीत, मालक तिथे राहत नाहीत. फी भरा आणि झेंडा घ्या, असा हा रोकडा व्यवहार आहे. याला सोयीचा झेंडा म्हणतात. सोय कुणाची? कमी कराची, सैल तपासणीची आणि नाव झाकण्याची सोय. त्यातही छुप्या ताफ्यातली जहाजे एका झेंड्यावरून दुसऱ्या झेंड्यावर उड्या मारतात, नाव बदलतात, कंपनी बदलतात. एका कंपनीच्या मागे दुसरी, दुसरीच्या मागे तिसरी, आणि शेवटी टपालपेटीपलीकडे काही सापडत नाही. अशा देशाने आपल्याच गिऱ्हाइकावर खटला भरावा, ही अपेक्षा करणे म्हणजे कुंपणाला शेत राखायला सांगण्यासारखे आहे.

नुकसानभरपाईचे तरी काय? १९७६ चा एक आंतरराष्ट्रीय करार जहाजमालकाची जबाबदारी जहाजाच्या आकारमानानुसार ठरलेल्या रकमेपुरती मर्यादित करतो. मालकाने स्वतः जाणूनबुजून किंवा बेपर्वाईने नुकसान केले असे सिद्ध झाले तरच ही मर्यादा मोडते. जो मालक सापडतच नाही, त्याच्या मनातला हेतू कोण सिद्ध करणार? मालकाच्या खिशाला कायद्याने मर्यादा घातली आहे. खलाशाच्या तुरुंगवासाला मात्र अशी आकारमानाची मर्यादा नाही!

याचा अर्थ केबल मुद्दाम तोडल्याच जात नाहीत, असा कुणी काढू नये. राष्ट्रांनी हे पाप पूर्वीपासून केले आहे, आणि त्याची सुरुवात करणाऱ्यांत आज गळा काढणारेही आहेत. ५ ऑगस्ट १९१४ रोजी, पहिल्या महायुद्धात उतरल्याच्या दुसऱ्याच दिवशी, ब्रिटनने ‘अलर्ट’ नावाचे जहाज पाठवून जर्मनीच्या समुद्राखालच्या तारा तोडल्या. १८८४ साली पॅरिसमध्ये केबलरक्षणाचा करार झाला होता. पण युद्धात गुंतलेल्या देशांना मोकळीक देणारे कलम त्या करारातच लिहून ठेवले होते. करार करणाऱ्यांनी पळवाटही सोबतच बांधली होती.

त्याच कराराचा आधार घेऊन २६ फेब्रुवारी १९५९ रोजी अमेरिकी नौदलाने न्यूफाउंडलंडजवळ ‘नोव्होरोसिस्क’ या सोव्हिएत मासेमारी जहाजावर माणसे चढवली. त्या भागात अटलांटिकच्या केबल लागोपाठ तुटल्या होत्या. शीतयुद्ध ऐन भरात होते. तरीही कागदपत्रे आणि जाळी तपासून, मासेमारीपलीकडे कसलाही हेतू दिसला नाही, असा अहवाल अमेरिकी अधिकाऱ्यांनी दिला. शत्रूच्या जहाजाबद्दलही खरे ते लिहिण्याची ही शिस्त आज कुठे गेली?

अलीकडच्या तीन प्रकरणांचे तीन वेगळे शेवट झाले आहेत. नोव्हेंबर २०२४ मध्ये स्वीडन-लिथुआनिया आणि फिनलंड-जर्मनी या दोन केबल एका दिवसाच्या अंतराने तुटल्या. संशय ‘यी पेंग ३’ या चिनी मालवाहू जहाजावर आला. ही केबल चुकून तुटली यावर कुणाचाच विश्वास नाही, असे जर्मनीचे संरक्षणमंत्री बोरिस पिस्टोरियस यांनी लगेच सांगून टाकले. जहाज महिनाभर डेन्मार्कजवळ उभे राहिले. एप्रिल २०२५ मध्ये स्वीडनच्या अपघात तपास यंत्रणेने अहवाल दिला, तेव्हा मात्र मुद्दाम की चुकून याचा ठाम निष्कर्ष तिला काढता आला नाही.

दुसरे प्रकरण जानेवारी २०२५ चे. स्वीडन-लाटव्हिया केबल तुटली आणि स्वीडनने माल्टाचा झेंडा असलेले ‘वेझेन’ हे जहाज घातपाताच्या संशयावरून ताब्यात घेतले. आठवडाभरातच सरकारी वकिलांनी सांगितले की घातपात नाही. खराब हवामान, सदोष साधने आणि ढिसाळ काम यांतून नांगर सुटला. जहाज सोडून दिले. तिसरे प्रकरण तैवानचे. फेब्रुवारी २०२५ मध्ये टोगोचा झेंडा लावलेल्या ‘होंग ताई ५८’ या जहाजाने तैवान आणि पेंगू बेटांमधली केबल तोडली. इथे केबल किनाऱ्याजवळच्या हद्दीत होती, तैवानला खटल्याचा अधिकार होता, आणि जूनमध्ये तिथल्या न्यायालयाने चिनी कप्तानाला तीन वर्षांची शिक्षा दिली.

म्हणजे एकात काहीच सिद्ध झाले नाही, एकात अपघात निघाला, एकात गुन्हा शाबीत झाला. बातम्यांची भाषा मात्र तिन्ही वेळा पहिल्या दिवशी एकच होती. सत्य शोधायला वेळ लागतो. जहाजाच्या वेगाची नोंद, नांगराच्या साखळीची अवस्था, तळावरचे चरे, पुलावरच्या संभाषणाचे रेकॉर्डिंग, हे सगळे तपासावे लागते. ज्याला खरोखर घातपाती पकडायचा आहे, तो आधी हा पुरावा गोळा करतो. ज्याला फक्त शत्रू दाखवायचा आहे, त्याला खलाशाचा फोटो पुरतो. आणि तैवानच्या खटल्यातही लक्षात घ्या, गुन्हा सिद्ध झाला तरी गजाआड गेला तो कप्तानच.

केबल तुटल्याचा फटका बसतो तोही सामान्य माणसालाच. तैवानच्या मात्सू बेटांना जोडणाऱ्या दोन्ही केबल फेब्रुवारी २०२३ मध्ये सहा दिवसांच्या अंतराने तुटल्या. तिथले सुमारे १४ हजार लोक जवळपास पन्नास दिवस धड इंटरनेटविना राहिले. आपल्याकडेही हे घडले आहे. ३० जानेवारी २००८ रोजी इजिप्तजवळ दोन केबल तुटल्या आणि भारताचे इंटरनेट लंगडे झाले. तेव्हाही घातपाताच्या कहाण्या रंगल्या. दोन दिवसांनी दुबईजवळ आणखी एक केबल तुटली. तिथे दुरुस्तीला गेलेल्यांना काय सापडले? पाच-सहा टनांचा एक बेवारस नांगर! फेब्रुवारी २०२४ मध्ये हुथींच्या क्षेपणास्त्राने ‘रुबिमार’ हे जहाज जखमी झाले. खलाशांनी जीव वाचवण्यासाठी ते सोडले. ते नांगरासह वाहत गेले आणि त्याच काळात तांबड्या समुद्रातल्या तीन केबल तुटल्या. त्या याच नांगराने तुटल्या असे मानले जाते. सप्टेंबर २०२५ मध्ये जेद्दाजवळ तुटलेल्या दोन केबल तर मुंबईच्या किनाऱ्यापर्यंत येणाऱ्या होत्या. तिथेही कुठल्या तरी व्यापारी जहाजाचा नांगरच कारण असावा, असा जाणकारांचा अंदाज आहे.

आता आपल्या पोरांचा विचार करू. जगाला खलाशी पुरवणाऱ्या पहिल्या काही देशांत भारत आहे. कोकणातल्या किती घरांची चूल जहाजावरच्या पगारावर पेटते, हे सांगायला नको. आंतरराष्ट्रीय वाहतूक कामगार महासंघाच्या आकडेवारीनुसार २०२४ मध्ये मालकांनी ३१२ जहाजे वाऱ्यावर सोडली आणि त्यांवर ३,१३३ खलाशी अडकले. त्यांत सर्वाधिक, म्हणजे ८९९, भारतीय होते. पगार नाही, अन्न नाही, परतीचे तिकीट नाही. जो मालक पगाराच्या दिवशी सापडत नाही, तो केबल तुटल्यावर न्यायालयात हजर होईल काय? खलाशाला उपाशी ठेवणारा आणि केबल तुटू देणारा मालक एकाच व्यवस्थेचे अपत्य आहे. नाव झाकलेले, झेंडा भाड्याचा, नफा स्वतःचा आणि जबाबदारी दुसऱ्याची.

म्हणून आमच्या सरकारकडे काही सरळ मागण्या आहेत. परदेशात अशा प्रकरणात भारतीय खलाशी पकडला गेला, तर पहिल्या दिवसापासून त्याला वकील आणि दुभाषा देण्याची जबाबदारी आपल्या दूतावासाने घ्यावी. हेलसिंकीच्या न्यायालयाने आरोपींच्या मायदेशांकडे बोट दाखवले आहे. तेव्हा उद्या चौकशी भारतात करायची वेळ आली, तर ती खुली आणि पुराव्यावर आधारलेली असावी. ना परक्यांच्या दबावाखाली, ना आपला माणूस म्हणून पांघरूण घालून. दोषी असेल तर शिक्षा व्हावी, पण जहाजाच्या त्रुटींचा हिशेबही त्याच चौकशीत व्हावा.

दुसरी मागणी अधिक महत्त्वाची. २०२२ नंतर रशियाचे तेल घेणाऱ्या देशांत भारत आघाडीवर राहिला आहे. तेल कुणाकडून घ्यायचे हा देशाच्या धोरणाचा प्रश्न आहे, त्यावर मतभेद असू शकतात. पण आपल्या बंदरात येणाऱ्या प्रत्येक जहाजाला त्याचा खरा मालक कोण आणि विमा कुणाचा, हे विचारण्याचा अधिकार आपल्याला आहे. तो वापरा. मालकाचे नाव नाही तर माल उतरणार नाही, एवढे एक वाक्य अनेक बुरखे फाडील. आंतरराष्ट्रीय व्यासपीठावरही भारताने खऱ्या मालकाला दंडाच्या आणि तुरुंगाच्या कक्षेत आणण्याचा आग्रह धरावा. सर्वाधिक खलाशी ज्यांचे, सर्वाधिक आवाजही त्यांचाच हवा.

आणि तरुणांना एक सांगणे. जहाजावर नोकरी देतो म्हणणाऱ्या एजंटाकडे जहाजवाहतूक महासंचालनालयाचा भरती परवाना आहे की नाही, हे पैसे मोजण्याआधी तपासा. जहाजाचे नाव, वय, झेंडा आणि मालक विचारा. उत्तर टाळले जात असेल तर ती नोकरी नाही, सापळा आहे.

१८८४ च्या करारात एक न्याय्य कलम होते आणि ते १९८२ च्या कायद्यातही टिकले आहे. केबल वाचवण्यासाठी एखाद्याने आपला नांगर किंवा जाळे तोडून समुद्रात सोडले, तर त्याची भरपाई केबलच्या मालकाने द्यायची. गरिबाने नुकसान सोसले तर त्याची किंमत चुकती केली पाहिजे, हे कायद्याला दीडशे वर्षांपूर्वी कळत होते. आता त्याच कायद्याला उरलेले अर्धे वाक्य लिहायला लावले पाहिजे. नांगर ज्याचा, जबाबदारी त्याची. तोवर बाल्टिकमध्ये असो की तांबड्या समुद्रात, केबल तुटत राहतील आणि चोर सोडून संन्याशाला सुळी जात राहील.